चेंडू कुठंय?

फुजैरा. जुलैतला शनिवार, सकाळचे पावणेआठ.
रात्रपाळी संपवून तसाच आलोय,
बुटांवर तेलटाक्यांची धूळ.
खिडकीबाहेर नांगर टाकून तीस-चाळीस जहाजं,
आणि हवा अशी की टॉवेल वाळत घातला तर आणखी भिजेल.

ट्रेलोरसाहेबाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या.
मंगळवारी वेल्डिंगची चमक लागली.
डॉक्टर म्हणाला, सहा दिवस अंधार.
साहेब म्हणाला, चालेल,
पण मध्ये शनिवार येतोय त्याचं काय?

टीव्हीवर त्याच्या गावचे निळे.
तिकडं दुपार, थंडी, चिखल.
अंडाकृती मैदान, लांबोडा चेंडू,
दोन्ही टोकांना चार-चार खांब.
मधल्या दोघांतून गेला तर सहा,
बाजूनं गेला तरी एक.
हुकल्याचाही गुण देणारा खेळ
मी दुसरा पाहिला नाही. म्हणून बसतो.

समालोचक चार. चौघंही कधीकाळी खेळलेले.
एक सांगतोय त्याचा गुडघा कसा गेला,
दुसरा त्यावर हसतोय,
तिसरा कुणाच्या लग्नात काय जेवला ते,
चौथा पैजेचे भाव.
मध्येच कुणीतरी किंचाळतो : ओहोहो, काय केलंय हे!
काय केलंय?
साहेब तेच विचारतोय पट्टीखालून,
सोफ्याचं कापड मुठीत धरून.
कुणी? कुठल्या पायानं? किती लांबून?
ते म्हणतात, अविश्वसनीय.
पाच मिनिटांत सात वेळा अविश्वसनीय.
मग विश्वास ठेवायचा तो कशावर?

आमच्याकडं जत्रेच्या फडात नाथा गुरव बोलायचा.
कर्णा एकच, तोही चिरका.
सरपंचांचे पाचशे, सोसायटीचे हजार,
हे सगळं तो मल्ल अंगाला माती लावेपर्यंत उरकून घ्यायचा.
सलामी झाली की नाव, गाव, वस्ताद,
आणि मग फक्त हात कुठं, पाय कुठं.
एकेरी पट काढला. सुटला.
ढाक लावतोय… लागली नाही.
मी सहा वर्षांचा, पुढं नुसती धोतरं आणि पायजमे,
तरी कोण चीत झाला ते मला
पुढच्या रांगेच्या आधी कळायचं.
पकड घट्ट बसली की नाथा गप्प.
तेवढा वेळ हलगी.

साहेबानं चाचपडत रिमोट शोधला,
चौघांचा आवाज मारला.
"डॉलट, तू सांग."

नाव दौलत. इथं उतरल्यापासून डॉलट.
माझं इंग्रजी वर्क परमिटापुरतं :
झडप बंद, दाब इतका, गळती नाही,
पुढचा माणूस ताब्यात घेतो.
निघालं ते असं, की एवढंच लागत होतं.

निळा सतरा. डावा पाय. चाळीस मीटर.
बाजूनं. एक.
चेंडू रेषेबाहेर. पंच मैदानाकडं पाठ करून उभा,
डोक्यावरून मागं फेकतोय.
साहेब पहिल्यांदा हसला :
"पाठ फिरवायची परवानगी फक्त त्याला आहे."

तिसऱ्या सत्रात एक पिवळा उडाला,
पुढच्याच्या खांद्यांवर गुडघे टेकवून
वरच्या वर झेलला त्यानं चेंडू,
आणि मी म्हणालो, साहेब, अस्सा आमचा थोरला, यशवंता,
चिंचेवर चढायचा, खाली मी ओचा पसरून,
त्या वर्षी चिंच इतकी लागली होती
की फांदी करकरत होती आणि आई खालून…

"चेंडू कुठंय?"

पाहिलं. खांबांमधला पंच
दोन्ही झेंडे हलवत होता.
सहा गेले. कुणी मारला, कुठल्या पायानं,
मला ठाऊक नव्हतं.
अविश्वसनीय हा शब्द
अगदी जिभेच्या टोकावर येऊन थांबला.

म्हणालो, बघितलं नाही साहेब. बोलत होतो.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
एसी घरघरत होता, एक जहाज भोंगा देत होतं.
मग : "पडला का? तुझा भाऊ?"

नंतर सांगतो.
निळा नऊ. उजवा पाय. पळतोय.